बिअरच्या कारखान्यातलं स्थळ

बाबांचं पत्र आलं तेव्हा मी कुकर लावत होते. तीन शिट्ट्या होईपर्यंत ते दोनदा वाचून झालं, आणि पुढचे दहा-बारा दिवस मला दुसरं काही सुचलं नाही.

धाकट्या बहिणीला बघून गेलेला मुलगा बंगळूरचाच होता. म्हणजे मूळचा बेळगावचा, नोकरीला इथे. मे महिन्यात आमच्या माहेरी रत्नागिरीला येऊन पोहे खाऊन गेला होता. त्याच्या माहितीपत्रात ‘केमिकल इंजिनियर, खाजगी कंपनी’ एवढंच होतं. दोन्हीकडून पसंती झाली, आणि मग कुणा भल्या माणसाने बाबांच्या कानावर घातलं की ही खाजगी कंपनी म्हणजे बिअरचा कारखाना आहे. बाबा शाळामास्तर. आमच्या घरी खोकल्याचं औषध आणलं तरी बाटलीवरचं बारीक अक्षर आधी भिंगातून वाचलं जायचं.

पत्रात त्यांनी लिहिलं होतं की जावईबापूंना बरोबर घे आणि दोन दिवस त्या मुलाच्या सहवासात काढ, कारण एक दिवस कुणीही सोंग आणू शकतो. बघायचं ते एकच, तो पितो का. रविवारी संध्याकाळी सहाला ते शेजाऱ्यांच्या फोनपाशी बसून राहणार होते. मी सांगेन ते शेवटचं. त्याखाली बहिणीने पेन्सिलीने दोन ओळी घुसवल्या होत्या. तिला तो आवडला होता, पण मी नाही म्हटलं तर ती नाही म्हणणार होती.

आता सांगा, हे काय ओझं झालं माणसाच्या डोक्यावर द्यायचं? लग्नाआधी मुलाची चौकशी करायची आपली रीत मला माहीत होती. कुणाचा तरी मावसभाऊ मुलाच्या ऑफिसात जाऊन शिपायाला विचारतो, ‘काय हो, माणूस कसा आहे?’ शिपाई म्हणतो, ‘चांगला आहे.’ झाली चौकशी. पण इथे मावसभाऊ म्हणजे मीच होते, आणि मला पिणाऱ्या माणसाची लक्षणं काय असतात तेच धड ठाऊक नव्हतं. सिनेमात झुलत येतो तेवढंच माहीत. नवरा ऑफिसच्या पार्टीत एखादा ग्लास घ्यायचा हे मला माहीत होतं, आणि ते रत्नागिरीला कळू देऊ नका अशी ताकीद मीच त्याला दिली होती. त्यापलीकडे माझं ज्ञान शून्य.

आम्ही तेव्हा जयनगरमध्ये एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होतो. लग्नाला चार वर्षं झाली होती. नवरा सकाळी सातला कंपनीच्या बसने इलेक्ट्रॉनिक सिटीला जायचा तो रात्रीच उगवायचा. दिवसभर मी आणि खाली राहणाऱ्या घरमालकीणबाई. त्यांना मी अक्का म्हणायची. त्यांच्याबरोबर भाजीला जाता-येता मी चांगलंच कन्नड उचललं होतं. नवऱ्याची गाडी मात्र ‘स्वल्प’ म्हणजे थोडं आणि ‘सरी’ म्हणजे बरं, याच्या पुढे गेली नव्हती, आणि माझी किती पुढे गेलीय हे त्याने कधी विचारलं नव्हतं.

पत्र वाचून नवरा हसला. त्यात काय एवढं, मी बोलतो त्याच्याशी, म्हणाला. बोलला. मुलाने उलट आम्हालाच बोलावलं. शनिवारी सकाळी कारखाना बघायचा, मग त्याच्याबरोबर त्याच्या फेरीला जायचं, रविवारी दुपारी उरलेली फेरी. त्याचं कामच असं होतं की शनिवार-रविवारी गावातल्या पबमध्ये जाऊन त्यांच्या कारखान्याची बिअर नीट येतेय का ते बघायचं. लपवण्यासारखं आपल्याकडे काही नाही, असंही तो म्हणाला. मी म्हटलं, असं म्हणणाऱ्याकडेच असतं.

शनिवारी आम्ही बसने यशवंतपूरला उतरलो. मुलगा स्टॉपवर उभाच होता. सावळा, किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट. डोळे मात्र लाल. मी मनात पहिली खूण केली. जवळ आला तर अंगाला वास. दुसरी खूण. सकाळचे दहासुद्धा वाजले नव्हते हो! रस्त्यापलीकडे दर्शिनी, म्हणजे उभ्याने खायचं हॉटेल होतं, नवऱ्याने कॉफी-डोसा घेऊ म्हटलं, तर हा म्हणाला, “मला नको, वैनी. आधी खाल्लं की जीभ काम करत नाही बघा.” म्हणजे रिकाम्या पोटी पिणारा! मी अर्धा डोसा नवऱ्याच्या ताटलीत सरकवला. बहिणीचा चेहरा डोळ्यांपुढे येत होता आणि समोर हा शांतपणे आम्हाला चटणी वाढून घ्यायला सांगत होता.

कारखाना म्हणजे मला अंधारी भट्टीसारखं काहीतरी वाटलं होतं. तो निघाला दूध डेअरीसारखा लख्ख. मोठाल्या स्टीलच्या टाक्या, ओली फरशी, आणि मोड आणलेले सातू शिजल्याचा गोडसर वास. नाचणीचं सत्त्व शिजवताना येतो तसा. पण पुढच्या खोलीत, जिथे त्या सातूचं पाणी आंबत होतं, तिथे वास बदलला. आंबूस, थोडा शिळ्या पिठाचा. तो मला ओळखीचा वाटला आणि कुठला ते काही केल्या आठवेना. वाफेने माझे डोळे चुरचुरायला लागले. तिथे काम करणाऱ्या सगळ्यांचेच डोळे लाल होते, आणि कपड्यांना तोच वास होता. पहिल्या दोन खुणा तिथेच पुसाव्या लागल्या, पण मला काही त्याचा आनंद झाला नाही. पुरावा गेला की संशय जातोच असं थोडंच आहे?

मग त्याने चव घ्यायला सुरुवात केली. काचेच्या लहान पेल्यात दोन बोटं बिअर. उजेडात धरली, हुंगली, एक घोट तोंडात घोळवून गिळला आणि उरलेली मोरीत ओतून दिली. असं सहा वेळा. मी मोजत होते. सहा घोट. सहा घोटांनी माणूस पिणारा ठरतो का? बाबांच्या हिशेबाने नक्कीच ठरतो. पण आई आमटीची चव बघते तेव्हा ती जेवली असं आपण म्हणतो का? माझ्या डोक्यात दोन वकील भांडायला लागले, आणि दोघेही मलाच ओरडत होते. नवरा पाहुणा म्हणून त्याला भरलेला मग दिला होता. तो संपला तसा दुसरा दिला. मला नारळपाणी.

तिथून आम्ही गावातल्या दोन पबमध्ये गेलो. आयुष्यात पहिल्यांदा पाय ठेवत होते. आमच्या मराठी मंडळातलं कुणी बघितलं तर, या धास्तीने मी आत जाईपर्यंत पदर डोक्यावर ओढून घेतला, मग लक्षात आलं की त्याने मी उलट जास्तच उठून दिसतेय. आत भर दुपारी अंधार, लाकडी बाकं, कॉलेजातल्या पोरीसुद्धा आरामात बसलेल्या. मुलगा कुणाकडे न बघता थेट काउंटरमागे गेला. पिंपातून नळापर्यंत बिअर येते ती नळी आठ दिवसांनी धुवावी लागते, नाहीतर बिअर आंबट होते, असं त्याने मला समजावलं. मग एक मग भरायला लावला, थोडा ओतला आणि आतल्या बाजूला फेसाची वलयं चिकटली ती दाखवली. तो मग नीट विसळलेला असेल तरच ती चिकटतात म्हणे. एक घोट घेतला, बाकीची ओतली. इतकं मन लावून करत होता की मला वाटलं, हा माणूस भांडीसुद्धा अशीच घासत असेल. धाकटी सुखी होईल, असंही वाटलं. आणि वाटल्या वाटल्या स्वतःलाच दटावलं, की बाई, अजून एक दिवस आहे.

संध्याकाळी मुलाने उद्या कुठे जायचं ते सांगितलं आणि नवरा एकदम म्हणाला, तिथे नको. तिथे फार धूर असतो. मग म्हणाला, उद्या आराम करू, झालं की बघून. मग घरी आल्यावर म्हणाला, डोकं दुखतंय. मी ओळखलं. हे दोघे दहा-बारा दिवसांत मित्र झाले होते, आणि त्या पबमध्ये या मुलाचं काहीतरी आहे ते नवऱ्याला कळलं होतं. पुरुष एकमेकांना कसे सांभाळून घेतात! माझ्या बहिणीच्या जन्माचा प्रश्न, आणि याला मैत्री सुचतेय. रात्रभर कूस बदलत होते. सकाळी सांगितलं, तुमचं डोकं दुखत असेल तर घरी बसा, मी एकटी जाते. तो आला.

रविवारी दुपारी त्या पबमध्ये गर्दी नव्हती. धूर तर नव्हताच. मुलगा काउंटरमागे जाऊन नळी, नळ, पिंप बघून आमच्या टेबलाशी आला. मी त्याच्याकडे डोळे लावून बसले होते, इथे काय निघतंय म्हणून. तेवढ्यात एक वयस्कर वेटर आला. त्याने काही न विचारता एक मोठा मग नवऱ्यापुढे ठेवला आणि प्रेमाने विचारलं, “मोन्ने आटो सिक्ता, सार?”

परवा रिक्षा मिळाली का, असं तो विचारत होता. परवा म्हणजे शुक्रवार. शुक्रवारी नवरा साडेनऊला घरी आला होता. कंपनीची बस मडिवाळ्याजवळ बंद पडली, रिक्षाने आलो, म्हणाला होता. मी त्याला पिठलं गरम करून वाढलं होतं.

नवऱ्याने मान वर केली नाही. उत्तर दिलं ते त्या मुलाने. “सिक्तु, सिक्तु,” म्हणजे मिळाली, असं म्हणून त्याने हात लांब केला आणि तो मग स्वतःकडे ओढला. वेटर गोंधळून दोघांकडे बघत राहिला आणि निघून गेला. मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, “माझा तो, वैनी. रविवारचा मी एक घेतो.” आणि दोन दिवस एकेक घोट घेऊन ओतून देणाऱ्या त्या माणसाने तो अख्खा मग माझ्यासमोर प्यायला. भराभर, औषध घेतात तसा. पिताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी कशासाठी आलेय हे त्याला माहीत होतं. एवढं एकच बघायला आलेय, हेसुद्धा माहीत होतं. तरी त्याने स्वतःचं स्थळ त्या मगात बुडवलं, का तर दुसऱ्या कुणाची त्याच्या बायकोसमोर शोभा होऊ नये. मला त्याचा राग आला. खरंच राग आला. कुणी सांगितला होता हा शहाणपणा? आणि त्याच क्षणी मला तो वास आठवला. कारखान्यातल्या दुसऱ्या खोलीतला, आंबूस, शिळ्या पिठाचा. शनिवारी धुवायला टाकलेल्या शर्टांना यायचा. मी तो कंपनीच्या कँटीनचा समजत होते. उशीर झाला की नवरा मसाला पान खाऊन यायचा आणि माझ्यासाठीही एक आणायचा. चार वर्षं मी ते पान कौतुकाने खाल्लं होतं. कुणाला सांगायची सोय नाही इतकी लाज वाटली मला.

आम्ही घरी आलो. दार लावल्यावर मी विचारलं, किती वेळा? शुक्रवारी, म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, कधी कधी बुधवारी. मी बघतच राहिले तेव्हा म्हणाला, सोमवारी नाही. मला हसायला आलं आणि मग रडायला, आणि तो खुर्चीवर हात मांडीवर ठेवून शाळेतल्या मुलासारखा बसला होता. त्याने बढतीचं सांगितलं, कामाचा ताण सांगितला, मी काही ऐकत नव्हते. मग हळूच त्याने विचारलं, बाबांना काय सांगणार?

मी पदराने डोळे पुसले. तेव्हा तो म्हणाला की नाही म्हणून टाक. बाबांना तेच ऐकायचंय. बिअरच्या कारखान्यातलं स्थळ, कुणीही नाहीच म्हणेल. शिवाय त्याने आपल्यासमोर मग प्यायला हे खोटं आहे का? खोटं नव्हतंच. हीच तर पंचाईत होती. मला एक अक्षर खोटं बोलायची गरज नव्हती.

आणि मी कबूल करते, माझंही मन तिकडे वळलं. नवऱ्यासाठी नाही, त्याच्यावर तर त्या वेळी माझा जीव जळत होता. माझ्या स्वतःसाठी. तो मुलगा घरात आला तर दर दिवाळीला, दर बारशाला माझ्यासमोर बसणार होता, आणि माझ्या घरात काय आहे ते त्याला माहीत असणार होतं. तो कधी बोलणार नाही याची खात्री होती, पण न बोलता चिवडा खात बसेल ते मला कसं सहन होणार? त्यापेक्षा धाकटीला दुसरं स्थळ मिळेल. काय, जगात मुलं संपली आहेत का? चार वाजल्यापासून पावणेसहापर्यंत मी हेच घोकत होते. मधूनच तिची पेन्सिलीची ओळ आठवायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू.

सहाला फोनच्या बूथवर गेलो. नवरा मागोमाग आला आणि काचेच्या दारात उभा राहिला. लाइन तिसऱ्या प्रयत्नाला लागली. बाबांनी लगेच उचलला. माझी खुशाली विचारली नाही, पाऊस विचारला नाही. थेट विचारलं, पितो का?

मी म्हटलं, “नाही, बाबा. तो पीत नाही. दोन दिवस मी डोळ्यांत तेल घालून बघितलं.”

बाबा म्हणाले, बरं, बरं. श्वास सोडल्याचं ऐकू आलं. मग म्हणाले, जावईबापू आहेत ना शेजारी, त्यांना दे जरा, त्यांचं मत घेतो. पुरुषाला पुरुष चांगला कळतो. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने हात पुढे केला होता. फोन घ्यायला की मला थांबवायला, ते मला आजही सांगता येणार नाही.

“त्यांना विचारू नका,” मी म्हटलं. “पितात ते हे पितात, बाबा. मला आज कळलं.”

नवऱ्याने हात खाली घेतला. लाइन तुटली असं वाटून मी दोनदा हॅलो केलं. बाबा होते. मला वाटत होतं ते आता संतापतील, किंवा काहीतरी गैरसमज असेल म्हणतील, किंवा मला लगेच घेऊन जायला निघतील. यातलं काहीच झालं नाही. अगदी हळू आवाजात, शेजाऱ्यांना ऐकू जाऊ नये म्हणून असेल, ते म्हणाले, “मला तुझ्या लग्नाआधीच कळलं होतं गं. ज्याला चौकशीला पाठवलं होतं, त्याने सांगितलं होतं. मीच म्हटलं, लग्न झालं की सुटेल.”

मी फोन कानाला धरून उभी होते. बाबाही फोन ठेवेनात. मग तिकडे काहीतरी खडखडलं आणि बहिणीचा आवाज आला. तिने एका बाजूचंच ऐकलं होतं, तिला काहीच माहीत नव्हतं.

“ताई, बाबा असे का बसलेत? मी हो म्हणू ना?”

“म्हण,” मी म्हटलं.